अकरावा फेरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मिसेस हॅलोवे, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आपले संगीत दिग्दर्शक मॉर्टन गेल्ब, आणि ब्रॉडवेवरच्या माझ्या भावाबहिणींनो,

गेल्बसाहेबांविषयी चार गोड शब्द बोलायला मलाच का बोलावलं, देव जाणे. या माणसाने माझे दोन दात पाडलेत. हसा, हसा. त्यांनी ज्यांच्या कपाळावर ताल मोजायचा मेट्रोनोम फेकून मारला होता, ते आमचे ड्रमवादक ओकासिओही तिकडे हसताहेत.

दातांची हकिकत मी आजवर गंमत म्हणून सांगत आलो. आज खरी सांगतो.

बत्तीस वर्षांपूर्वी एका संगीत नाटकात मी रोज बायकोचा गळा दाबायचो. नाटकातली बायको म्हणजे रोझाल्बा फुस्को. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आमच्यात रिवाज असा, की दाबणाऱ्याने जोर लावायचा नाही, सगळं गळा ज्याचा त्याच्या हाती. तिने माझ्या मनगटावर दोन थापा मारल्या की मी सोडायचं आणि गेल्बनी पुढचं संगीत घ्यायचं. तोवर रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेले वादक गेल्बच्या छडीवर तोच तुकडा फिरवत राहणार. रोज सहा फेरे होत.

त्या बुधवारी, दुपारच्या खेळाआधी, मला कळलं की माझं एकुलतं एक गाणं कापलंय. रोझाल्बानेच कान भरले असणार, असं मी धरून चाललो. विंगेत तिला गाठून म्हणालो, "तुझंच काम ना हे?"

"डेस्मंड, आधी मिशी नीट चिकटव," ती म्हणाली.

मंडळी, त्या दिवशी रंगमंचावर मी एका हाताने खरोखर गळा दाबला. तिचे दोन्ही हात दुसऱ्या हाताने आवळून धरले, म्हणजे थापा मारायची सोयच नको. सातवा फेरा झाला, आठवा झाला. तिचे ओठ निळे पडले. ती कधीकधी प्रसंग लांबवायची, त्यामुळे गेल्ब वाट बघत वाजवत राहिले. अकराव्या फेऱ्याला त्यांनी छडी टाकली, ड्रमवर पाय देऊन खड्ड्यातून वर चढले, कॉलर धरून मला आपटलं आणि तोंडावर ठोसे लगावले. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी रक्त थुंकत होतो. ते वाकून म्हणाले, "गाणं मी कापलं, गाढवा. तू बेसूर गातोस."

रोझाल्बा वाचली, पण तिचा आवाज गेला. ती पुन्हा कधी गायली नाही. मी दोन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर कुणी दारात उभं करीना, तेव्हा गेल्बनीच मला काम दिलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "पाच फेरे मीही वाजवत बसलो होतो." त्यानंतरची त्यांची संगीताची कुठलीही वही उघडून बघा. तुकडा किती वेळा फिरवायचा, त्याचा आकडा लाल शाईने लिहिलेला असतो.

अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. शेवटी बोलण्यातल्या चुकांची माफी मागतात. माझं बोलणं सोडा, मला त्या दुपारची माफी मागायची आहे. रोझाल्बा, ती मी बत्तीस वर्षांत मागितली नाही, कारण मला तुझी भीती वाटते. मिळेलच असं नाही, हेही ठाऊक आहे. भाषण लांबतंय. नको झालं असेल तर खुर्चीच्या हातावर दोन थापा मार.

ऐकू आल्या. या वेळी सोडतो.