शेवट आधीच ठाऊक असलेली बायको

हसू नका रे, जळफळाट झाला होता माझा! काळात मागं-पुढं फिरणाऱ्या माणसाची ती जुनी इंग्रजी मालिका आम्ही नवरा-बायको फक्त पावसाळी मासेमारीबंदीत बघतो, होडी किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हा. यंदा पुन्हा लावली, तर आम्ही अजून न बघितलेल्या पुढच्या भागांचेही शेवट ही आधीच सांगायला लागली.

“कुणाबरोबर बघितलीस?” मी तापलोच.

ओटीवर सुके बोंबील निवडणारी आई म्हणाली, “माझ्याबरोबर. वारा सुटला नि तू दर्यात असलास, की आमी दोघी तीच लावतो. त्यातला माणूस कुठंबी अडकला तरी परत येतो.”

मी सरकून आईला जागा दिली. तर ती बसली बरोब्बर आमच्या दोघांच्या मधे!