कुंपणाकडच्या चहाच्या पुड्या

म्हापशाहून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन मैत्रिणी बसल्या होत्या. खिडकीकडची दुसरीला तिच्या लेकीचं विचारत होती.

"गंगा, गौरवी अजून हिमालयातच गे?"

"तिथेच. उंच डोंगरावर चहाच्या पुड्या पुरते. कपात बुडवतात त्या."

"पुरते? कशाला?"

"किती कुजतात ते बघायला. पालापाचोळा कुजला तरच झाडाला खायला मिळतं. तिथे थंडीनं काही लवकर कुजत नाही म्हणते. आपल्या मातीत काय होतं ते कळावं म्हणून मलाही पाठवल्या."

"आणि तू पुरल्यास?"

"पुरल्या ना, हळर्णच्या आमच्या काजूच्या भाटात, बागेच्या कुंपणाकडे. ते कुंपणापलीकडच्या धाकट्या दिरानं बघितलं. त्याला वाटलं, मी करणी केली."

"अरे देवा! भांडला?"

"भांडतो कसला! दुसऱ्याच दिवशी कुंपण मागे घेतलं. आमची दाबलेली जागा सोडली गे! ह्यांनी कोर्टात चपला झिजवल्या, तेव्हा हलला नव्हता."

"बरं झालं की!"

"कसलं बरं? आता गौरवी म्हणते, पुड्या काढ आणि वजन करून कळव. आणि हे त्यांना हातच लावू देत नाहीत."

"मग पोरीचा अभ्यास?"

"तेच म्हटलं मी. शेवटी रागानं फोन ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच सांगा लेकीला."

"काय सांगितलं गुरुदासभाऊजींनी?"

"म्हणाले, 'बाये, तुझा अभ्यास एकदम खरा आहे. आणखी पुड्या पाठव. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याच्या कुंपणालाही पुरायच्या आहेत.'"