शिंप्याने दिलेलं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आपल्या दुकानदार मंडळाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सगळ्यांचे गिटारवाले, त्यांना स्वतःच्या घरी न्यायला आलेली त्यांची लेक, आणि दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शिंप्याने वेळ पाळल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? हसा, हसा. अर्ध्या सभागृहाचे कपडे अजून माझ्याकडेच पडलेत.

बावीस वर्षं आमच्या दुकानांत एकच भिंत. त्यांचं काम मी जवळून पाहिलं. गिऱ्हाईक आलं की लाकडाची, नक्षीची गोष्ट नंतर. आधी त्याला बिनहाताच्या स्टुलावर बसवायचे आणि मांडीवर पुठ्ठ्याचा साचा ठेवायचे. लहान, मधला आणि मोठा, असे तीन साचे. मग खांदा वर चढतोय का, कोपर कडेवरून सहज खाली उतरतंय का, कंबर मांडीवर नीट टेकते का, हे पाहायचे. गिटारची कंबर म्हणतोय मी. पंधरा मिनिटं माणूस तसाच पुठ्ठा धरून बसलेला! एक धिप्पाड ट्रकवाला सगळ्यात मोठी गिटार मागायला आला होता, तो सगळ्यात लहान घेऊन गेला आणि वर पेढे देऊन गेला. "माणूस आणा, माप आणू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. माझ्यासाठी.

आमच्या हिला लग्नाआधी गिटारचं वेड होतं. भावाची मोठी गिटार ती चोरून वाजवायची. मोठ्या खोक्याचा आवाज पोटात घुमतो, म्हणायची. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, तेव्हा मी गिटारवाल्यांकडे गेलो. म्हटलं, मोठी करा, नक्षीबिक्षी नको, भोकाभोवती काळ्या लाकडाची एक कड पुरे. ते म्हणाले, "वहिनींना घेऊन या." मी म्हटलं, "अहो, तिला कळू द्यायचं नाहीये. माप मी देतो." त्यांनी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "ठणठणीत." मग ते हसून म्हणाले, "चला, शिंप्याचं माप आहे, म्हणजे पक्कं."

चार महिन्यांनी गिटार घरी आली. ते स्वतः घेऊन आले. ही पलंगाच्या कडेला बसली, गिटार मांडीवर घेतली, आणि हिचा हात काही केल्या कडेवरून पलीकडे जाईना. खांदा पार कानाला लागला. हिने गिटार आडवी ठेवली, एका बोटाने तार छेडली आणि म्हणाली, "आवाज किती छान आहे हो!" गिटारवाल्यांचा चेहरा मी पाहिला. ते म्हणाले, "माझं चुकलं, वहिनी. लहान करून देतो." मी शेजारीच उभा होतो.

लहान गिटारच्या कडा वाकवून झाल्या होत्या, वरची फळी चिकटायची होती, तेव्हा ही गेली. ते घरी आले, माझा हात धरून म्हणाले, "मास्टर, माझ्या हातून माप चुकलं. मला माफ करा." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "असू द्या."

त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी मोठ्या खोक्याची एकही गिटार केली नाही. गिऱ्हाइकं परत गेली. आपण सगळे म्हणायचो, म्हातारा हट्टी आहे. मीही म्हणायचो.

परवा दुकान आवरायला मी मदतीला गेलो. साचे गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एकच चूक झाली बघा. वहिनींची. ती घेऊनच चाललोय." मला रात्रभर झोप लागली नाही.

मंडळी, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी माप खोटं दिलं होतं. हिचे कपडे मी त्याच वर्षी तीनदा आत घेतले होते, माझ्या हातांनी. शेवटी शिवणीत कापड मावेना. हिचं माप माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मी दिलं ते दोन वर्षांपूर्वीचं, ही आजारी पडण्याआधीचं. आणि तिला कळू द्यायचं नाही, ही नुसती सबब होती. ही त्या स्टुलावर बसली असती, तर त्यांनी हिच्या मांडीवर लहान पुठ्ठा ठेवला असता. ते मला पाहायचं नव्हतं. माझी बायको संपत चालली आहे हे दुसऱ्या कुणी मापाने सांगावं, एवढं माझ्यात बळ नव्हतं. मोठी गिटार आली की ही तेवढीच होईल, असं काहीतरी वेडं माझ्या डोक्यात होतं.

अध्यक्ष महोदय, वेळ केव्हाच संपला, मला दिसतंय. मंडळाने मला इथे उभं केलं त्याबद्दल आभार. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दलही. सत्काराच्या प्रसंगी हे बोलायला नको होतं असं कुणाला वाटलं, तर त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

आणि गिटारवाले, मान वर करा. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यापाशी माफी मागितलीत आणि मी निर्लज्जासारखी ती ठेवून घेतली. ती आज चारचौघांत तुम्हाला परत करतो. मागायची होती मी.