पांढरीची मूठ

(सन १८६४, श्रावण. दर्यापूरपासून चार कोसांवरचं खिरखेड. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी ओसरीवर तिघं आहेत : गावाच्या हुतुतूचे गडी निवडणारा म्हातारा शेषराव, त्याची थोरली विधवा बहीण पार्बताबाई, आणि पैनगंगेपलीकडून, मोगलाईतून, कापूस वेचायला आलेला चंद्रभान.)

शेषराव : मूठ उघड पयले. मंग बोल.

चंद्रभान : उघडली की काका. बघा.

शेषराव : हे काय हाये?

चंद्रभान : माती. तुम्हीच सांगितलं नव्हं, खेळणाऱ्यानं मूठभर माती आणायची म्हणून?

शेषराव : माती तं मले बी दिसते. काळी हाये थे. वावरातली. म्या पांढरी आन म्हनलं होतं. गावठानातली, सोताच्या चुलीखालची. सात गड्यायच्या सात मुठी, त्याची मधली रेघ मारतो आमी. काळ्या रानात काळ्या मातीची रेघ कोनाले दिसन?

चंद्रभान : माझी चूल तिथंच हाय, तुमच्या वावरातल्या खोपटात. दोन सालं झाली. तिथंच झोपतो, तिथंच भाकर भाजतो. दुसऱ्याच्या चुलीखालची उकरून आणू का?

शेषराव : तोंड लय चालते तुह्यं.

पार्बताबाई : त्याले बसू तं दे शेषा. उभ्या उभ्या कायले झाडा घेतं?

शेषराव : बाई, तू मधात बोलू नको. उद्या खुशालराव पिंपळझिऱ्याचे गडी घेऊन येईन. शिवंवरच्या मारुतीसमोर एकेकाले इचारन, मूठ कोन्या घरची? गड्याले नाव घेऊन सांगा लागते. थे खोटं निंगालं का खेळाच्या आंधीच हार. मंग वर्सभर मारुतीले पयला नारळ पिंपळझिऱ्याचा, अन् आमी मांगून उष्ट्यासारखा फोडाचा.

पार्बताबाई : तीन वर्सं मांगूनच फोडून राह्यलो. कोनाच्या पायी, थे बी सांग ना त्याले.

शेषराव : सांगतो. मले काय लाज हाये? अंजनगावचा पैलवान म्या आनला होता. सालीचा पोरगा म्हनून उभा केला. खुशालरावनं त्याले इचारलं, मायचं नाव काय? थो माह्या तोंडाकडं पाहे. अन् मी मारुतीच्या.

पार्बताबाई : तवापासून ह्यानं गड्याचं नाव सांगतलं का पिंपळझिऱ्याचे लोक खोकलतेत.

शेषराव : खोकलू दे. पन पुन्हा तसं होऊ द्याचं नाई मले. म्हनून इचारून राह्यलो. चंद्रभान, बस. थे माती सांडू नको ओसरीवर.

चंद्रभान : बसलो. विचारा.

शेषराव : उत्तमरावचा गुडघा मोडला, म्हनून माह्याजोळ सहाच गडी हायेत. तू दम धरला का चौघायले ओढत रेघंवर नेतं, थे म्या वावरात पाह्यलं हाये. मले तू पाह्यजे. हे कबूल. पन गावाचा गडी होयाचे तीनच रस्ते. एक, अठी जलमला पाह्यजे.

चंद्रभान : जलमलो मोगलाईत. लपवलं का कधी?

शेषराव : दुसरा, तीन पोळे गावात चूल पेटली पाह्यजे.

चंद्रभान : दोन पोळे झाले. तिसरा आला की जवळ. नागपंचमीपासून पंचवीस दिवस.

शेषराव : पंचवीस दिवस कमी म्हंजे कमी. अन् वावरातली चूल मोजत नाई कोनी. उंदीर बी वावरातच राह्यतेत.

पार्बताबाई : शेषा!

शेषराव : बरं, उंदीर नाई म्हनत. तिसरा रस्ता, गावच्या लेकीचा लेक नाईतं नातू. थे तू परवा सांगून राह्यला होता. सांग आता पुन्हा.

चंद्रभान : माझ्या आईची आई इथली. सत्यभामा नाव. खिरखेडची लेक. पैनगंगेपल्याड देली होती.

शेषराव : कवा देली?

चंद्रभान : लई वर्सं झाली. माझ्या आईच्या जन्माच्या आधी दोन सालं.

शेषराव : म्हंजे चाळीस-बेचाळीस वर्सं. घर कुठी होतं तिचं?

चंद्रभान : गावातल्या मारुतीच्या पारामागं. दारात लिंबाचं झाड. थोरला भाऊ बैलानं मारून मेला. तेव्हापासून त्या घरानं तांबडा बैल बांधला नाही.

शेषराव : बाई, हे बराबर हाये का वं?

पार्बताबाई : बराबर हाये. सत्यभामा माह्या बरोबरीची. आमी संगं खेळलो. देली तवा लय रडली होती.

शेषराव : हं. लयच बराबर हाये. चंद्रभान, आजी पानी भराले कुठी जाये? काही सांगतलं का तिनं?

चंद्रभान : सांगितलं की. पायऱ्यांची विहीर. सहाव्या पायरीवर पाय घसरतो, तिथं दगड तिरका हाय. तिथं तिची घागर फुटली होती.

शेषराव : बराबर. सहावी पायरी तिरकी हाये.

चंद्रभान : मग झालं की.

शेषराव : झालं ना बाप्पा. थे विहीर म्या सोता खांदली. आठ वर्सं झाले. सहाव्या पायरीचा दगड माह्याच हातानं तिरका बसला, गवंडी ताप येऊन पडला होता म्हनून. तुही आजी बेचाळीस वर्सं आंधी तठी कशी काय घसरली? आता बोल. आतापरेंत तं लय बोलत होता.

चंद्रभान : काय बोलू. घसरलो.

शेषराव : कोनं शिकोलं तुले?

चंद्रभान : कुणी नाही.

शेषराव : लिंबाचं झाड, तांबडा बैल, सत्यभामा. वावरात राहून तुले हे कसं ठाव? मंगळवारी तू पिंपळझिऱ्याले गेलता. माह्या मानसानं पाह्यलं. खुशालरावच्या ओट्यावर बसून भाकर खात होता. खरं हाये का खोटं?

चंद्रभान : खरं हाय.

शेषराव : पाह्य! मले वाटलंच होतं. खुशालरावनं पढवून धाडला. उद्या तू माह्या रेघंवर उभा राह्यशीन, थो विहिरीचं इचारन, तू हेच सांगशीन, अन् चौथं वर्स गेलं आमचं. काय देनार होता तुले? सांग लेका, मारत नाई.

चंद्रभान : घर देणार होता.

शेषराव : कोन? खुशालराव?

चंद्रभान : पिंपळझिऱ्याच्या गावठाणात, वेशीजवळ जागा. पण तुमच्याकडून खोटं खेळायला नाही. त्यांच्याकडून खेळायला. म्हणाला, खिरखेडवाल्यांनी तुला दोन सालं वावरात झोपवलं, मी एका दिवसात पांढरीत घेतो. आईला आण, म्हणाला.

शेषराव : तुह्यी माय हाये?

चंद्रभान : हाय की. पल्याड एकटी हाय, दुसऱ्याच्या गोठ्यात. माझ्या बापानं चार गावं बदलली. जिथं जाईल तिथं म्हणायचे, तू कुठला? तिकडं बी मी कोणत्या गावाकडून खेळलो नाही, कुणी घेतलंच नाही. म्हणून इकडं आलो. इकडं कापसाला माणसं कमी पडायलीत, कुणी विचारत नाही म्हणत होते. पण खोपटात आईला कसं आणू? श्रावणात साप निघायलेत.

शेषराव : मंग खुशालरावले हो काहून नाई म्हनला?

चंद्रभान : त्यानं बी मला आजी देली होती.

शेषराव : काय देली?

चंद्रभान : आजी. पिंपळझिऱ्याची लेक, कौशल्या नावाची. तिच्या घरासमोर चिंच. तिच्या बापाला एक डोळा. दोन घटका बसून पाठ करून घेतलं. म्हणून भाकर देली, तोंड सुकलं होतं.

पार्बताबाई : एका आठवड्यात दोन आज्या! अन् खऱ्या आजीचा पत्ता नाई.

चंद्रभान : खरी आजी म्या पाहिली नाही मावशी. आई लहान होती तेव्हाच गेली.

शेषराव : हासू नको बाई. दोन आज्या म्हंजे दोनी खोट्या. एक खुशालरावनं देली. दुसरी कोनं? तिचं नाव सांग, नाईतं दुपारच्या आंधी खोपट मोकळं कर. मले असा मानूस शिवारात नाई पाह्यजे, जो कोनाच्या बी तोंडानं बोलते.

चंद्रभान : मोकळं करतो.

शेषराव : म्हंजे सांगत नाई?

चंद्रभान : नाही सांगत.

शेषराव : जा मंग. पैनगंगा उतरलेली हाये, जाता येईन.

पार्बताबाई : थांब रे, चंद्रभान. बस खाली.

चंद्रभान : मावशी, राहू द्या. जातो मी.

पार्बताबाई : बस म्हनलं ना. शेषा, थे आजी म्या देली त्याले.

शेषराव : कोनं?

पार्बताबाई : म्या. सत्यभामा खरी, लिंबाचं झाड खरं, बैल खरा. पल्याड गेली, पोटी काही न राह्यता मेली. तिचं नाव घ्याले कोनी नाई. म्हनलं, पडून असलेलं नाव हाये, ह्याच्या कामी येईन. विहीर मात्र माह्यी चुकली. रोज त्या पायरीवर माहा पाय घसरते, थे विहीर नवी हाये हेच इसरली म्या.

शेषराव : बाई, तू मले खोटं बोलली? माह्या ओसरीवर? बराबर हाये म्हनली, लय रडली होती म्हनली!

पार्बताबाई : रडली होती, थे खरं हाये.

शेषराव : उद्या मारुतीसमोर माह्यी चौथ्यांदा…

पार्बताबाई : तुह्या नारळासाठी नाई केलं म्या. तुले गडी पाह्यजे होता, ह्याले घर. मले काय पाह्यजे, थे इचारलं का कधी?

शेषराव : तुले काय पाह्यजे?

पार्बताबाई : माहा भगवंत गाडी घेऊन गेला, कापूस घेऊन. दीड वर्स झालं. रुळाच्या कामाले लागला म्हनतेत, तिकडं खानदेशात कुठी. कोन्या गावात असन, कोनाच्या वावरात झोपत असन? तठी बी असाच एखादा शेषराव ओसरीवर बसला असन. मूठ उघड म्हनत असन. माह्या पोराच्या मुठीत काय असन, शेषा? मी म्हनलं, अठी एकाले कोनी आजी देली, तं तिकडं बी एखादी बाई देईन.

शेषराव : भगवंत तुहा पोरगा, तं माहा भाचा हाये.

पार्बताबाई : हाये ना. मंग?

शेषराव : मंग काई नाई. चंद्रभान, तू बाईचं नाव काहून नाई घेतलं? जाले निंगाला होता.

चंद्रभान : दोन सालांत या गावात मला बस म्हणणारी ती एकच हाय. तिचं नाव कसं घेऊ?

शेषराव : हं. अन् पिंपळझिऱ्याची जागा सोडली थे काहून?

चंद्रभान : तिथली आजी मला घरासाठी मिळायली होती. मावशीनं देली ती शिकवताना दोनदा जेवू घातलं, अन् एकदा चुकलो तर पाठीत रट्टा हाणला. मला वाटलं, खरी असती तर असंच केलं असतं.

पार्बताबाई : रट्टा विहिरीपाशीच हानला असता तं बरं झालं असतं.

शेषराव : ऐक आता. उद्या तू खेळत नाई.

चंद्रभान : व्हय.

शेषराव : सहाच गडी नेतो. खुशालराव इचारन, सातवा कुठी? मी सांगीन, सातव्याचे तीन पोळे होयाचे हायेत.

चंद्रभान : आता पंचवीस दिवसांनी…

शेषराव : पंचवीस दिवस नाई. वावरातलं मोजत नाई म्हनलं ना मी? गावात चूल पेटन तवापासून तीन पोळे. येता पोळा पयला.

चंद्रभान : गावात कुठं पेटवू काका? मला जागा कोण देतं?

शेषराव : बाईच्या घराच्या बाजूले भगवंतचा गोठा रिकामा हाये. कुड चांगले हायेत, छपराले दोन हात लावा लागतीन. तुह्या मायले आन.

पार्बताबाई : माहा गोठा तू वाटून मोकळा! मले इचारलं का?

शेषराव : इचारतो. देतं का?

पार्बताबाई : छपराले हात आजच लाव म्हना त्याले. आभाळ भरून राह्यलं.

चंद्रभान : काका, उद्या हारलात तर?

शेषराव : हारन तं हारन. खोकलनार तं नाई कोनी.

चंद्रभान : ही माती कुठं टाकू?

शेषराव : टाकू नको. चुलीले काळीच लागते, पांढरी भुगा होते. पन एका मुठीत चूल होत नाई बाप्पा, टोपलं घेऊन जा. उद्या नागपंचमी, माती उकरता येत नाई.