लिफ्टच्या दारातली खुर्ची

आजी : पुन्हा बाहेर जा. दार वाजव, मग आत ये.

रुचिता : आजी, तिसऱ्यांदा जातेय. उद्या मुलाखतीला पोचेपर्यंत पाय गळतील माझे.

आजी : आजी कोण? मी साहेब आहे. आणि चपला तिथेच काढ.

रुचिता : अगं, लॉ कॉलेजात कोणी चपला काढून आत जात नाही.

आजी : तिथलं तिथे. हे माझं घर आहे, आत्ताच लादी पुसलीय. बस. बोल, वकील कशाला व्हायचंय तुला?

रुचिता : सर, माझी आजी निरक्षर आहे. गरिबीमुळे तिला कोणी शिकू दिलं नाही. तिचे अश्रू पाहून मी ठरवलं की...

आजी : थांब. कोण निरक्षर?

रुचिता : साहेबांनी मध्ये बोलायचं नसतं.

आजी : साहेब गेला खड्ड्यात. कोणी शिकवलं हे?

रुचिता : नौपाड्याच्या क्लासमधल्या प्रशांत सरांनी. म्हणाले, घरात असं कोणी असलं तर सांगायचं, समोरचे हळवे होतात.

आजी : त्यांना स्वतःची आजी नाही का? मी तिसरी पास आहे. तिसरीत दोनदा बसले, म्हणजे बाकीच्यांपेक्षा जास्तच शिकले. आणि शिकू दिलं नाही म्हणे! बाप खांद्यावर बसवून मोहने गावच्या शाळेत सोडायचा आणि मी मागच्या दाराने चिंचेवर. माझे अश्रू कधी पाहिलेस गं तू?

रुचिता : कांदा कापताना.

आजी : जीभ बघा हिची. आता खरं काय ते सांग. वकिली कधी सुचली तुला?

रुचिता : आठवीत. त्या लिफ्टच्या वेळी.

आजी : मग तेच सांग साहेबाला.

रुचिता : सर, आमची डोंबिवलीतली बिल्डिंग पाच मजली. सेक्रेटरी रवींद्रकाकांनी एकदा बोर्ड लावला, घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. आमच्याकडे येणाऱ्या शीलामावशींचे गुडघे धरलेले. तर माझी आजी लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून बसली. म्हणाली, शीला जिन्याने, तर सगळे जिन्याने.

आजी : जेवलेसुद्धा तिथेच. रवींद्रची बायको भाजीच्या पिशव्या घेऊन वर चढली, तेव्हा तिचं तोंड असं झालेलं...

रुचिता : साहेब, तुम्ही तिथे नव्हतात.

आजी : बरं. पुढे?

रुचिता : पुढे आजीने बोर्ड काढायला लावला.

आजी : आणि तू?

रुचिता : मी होते बाजूला.

आजी : बाजूला उभं राहिल्याची अॅडमिशन देतात का तिथे? संध्याकाळी मीटिंगमध्ये मी घसा फोडला, तर तो रवींद्र मोबाइल बघत बसला. मग उठलं कोण? कोणी विचारलं, काका, हे कुठल्या सभेत ठरलं म्हणून?

रुचिता : मी.

आजी : मग?

रुचिता : सभा झालीच नव्हती. काका उठले आणि स्वतःच्या हाताने बोर्ड काढला त्यांनी. पण आजी, बोर्ड तू काढायला लावलास असं तूच सांगतेस सगळ्यांना. भजनी मंडळात, दूधवाल्याला, परवा लग्नात तर व्याह्यांनासुद्धा.

आजी : बिल्डिंगीत मी सांगते ते सांगते. तुझ्या साहेबांना काय आपल्या बिल्डिंगीत राहायला यायचंय?

रुचिता : म्हणजे सांगू? माझ्यामुळे बोर्ड उतरला म्हणून?

आजी : खुर्ची मात्र माझी. ती गाळायची नाही.

रुचिता : नाही गाळत. आणि तुझं शिक्षण विचारलं तर?

आजी : तिसरी पास.

रुचिता : दोनदा बसून?

आजी : एवढं खरं बोलायची गरज नाही. ऊठ. परत बाहेर जा, दार वाजव.

रुचिता : जाते.

आजी : आणि रुचे, या वेळी चपला घालूनच ये.