घंटीची वायर

मुलगा : ओढ! नीट ओढ गं, मध्येच सोडू नकोस. मी आईच्या खोलीतून केबल सारतोय.

सून : ओढतेच आहे. सकाळपासून दुसरं काय केलंय मी? आधी भिंतीला भोकं पाडलीत, एकही आरपार गेलं नाही.

मुलगा : ती अंदाज घ्यायला होती.

सून : मग आला का अंदाज? की अजून एक पाडायचंय?

मुलगा : म्हणून तर पाइप शोधला! भिंतीत पाइप आयता आहे, त्यात एक जुनी वायर. कपाटामागे ती कापली, तिच्या टोकाला केबल बांधली. तू जुनी ओढलीस की नवी तिच्या मागोमाग येणार. वायरमन तरी वेगळं काय करतो?

आई : शिडी आणतो. तू चपला घालून माझ्या गादीवर उभा आहेस.

मुलगा : आई, दोन मिनिटं.

आई : सकाळीही दोनच होती. तेवढ्यात माझ्या उशीवर अर्धी भिंत आली. आणि कशासाठी? तर हिला डोक्याला डबडं लावून परक्या लोकांशी बोलायचंय. सांग तिला, खिडकीत उभं राहिलं की फुकट बोलता येतं.

सून : आईंना सांगा, खिडकीत पगार मिळत नाही. आज कायमच्या नोकरीची मुलाखत आहे. गेल्या खेपेला माझं उत्तर चालू असताना चित्र थिजलं, आवाज गेला. पुन्हा बोलावलंय हेच नशीब. आज तुटलं तर दुसरीला घेणार, स्पष्ट सांगितलंय.

मुलगा : तुटणार कसं? हवेतून येणारं नेट तुझ्या खोलीपर्यंत धापा टाकत पोचतं. केबल म्हणजे थेट.

सून : नेटचा डबा माझ्या खोलीत ठेवला असता तर ही खोदाई करावी लागली नसती.

आई : आणि माझ्या मालिका? त्या काय भिंतीला कान लावून ऐकू?

मुलगा : आली का? टोक दिसलं?

सून : आलं! निळं शेपूट आलं.

मुलगा : चिकटपट्टी काढ, लॅपटॉपला लाव. दिवा लागला?

सून : लागला. हिरवा! तुमच्या हातून या घरात पहिल्यांदा काहीतरी लागलं.

मुलगा : म्हणे वायरमन बोलवा!

आई : हे काय रे? हिला बोलवायची घंटी वाजत नाही.

मुलगा : नीट दाब.

आई : बटण दाबायला काय शिकवणी लावू आता? विचार तिकडे, वाजली का.

सून : नाही म्हणावं.

मुलगा : थांबा हं. ती जी जुनी वायर मी कापली...

आई : ती माझ्या घंटीची. शाबास! एवढा शिकलास, आणि कापायला आईचीच वायर सापडली.

मुलगा : मला वाटलं जुन्या टेलिफोनची असेल. हिला विचारलंसुद्धा, ही वायर कसली म्हणून!

आई : मग काय म्हणाली?

मुलगा : म्हणाली, बांधा.

आई : विचार तिला, ठाऊक होतं का.

सून : होतं. घंटी माझ्याच खोलीत आहे. इकडच्या टोकाला तिच्यातून वायर सोडवली तीच मुळी मी. आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसवली होती. गुडघा केव्हाच बरा झाला, गच्चीवर जाऊन येतो. घंटीचं दुखणं तेवढं जात नाही. टीव्हीचा आवाज वाढवायला घंटी, कमी करायला घंटी. गेल्या मुलाखतीत चित्र थिजलं ते नंतर. आधी घंटी वाजली होती.

मुलगा : बरं बरं, भांडू नका. बाजारात बिनतारी घंटी मिळते. आत्ता घेऊन येतो.

आई : काही आणू नकोस. ती बसवायला पुन्हा माझ्या गादीवर चढशील. जा, अंगावरचा चुना झटकून ये. बाहेर झटक!

(मुलगा जातो. भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोघीच.)

आई : ऐकू येतंय का तिकडे?

सून : न यायला काय झालं? पाइपाभोवती तुमच्या लेकानं खिडकीच करून ठेवलीय.

आई : घंटी नाही तर बोलवायचं कसं?

सून : हाक मारायची.

आई : सवय नाही मला. इतकी वर्षं त्यालाच सांगत आले. तो घरात नसला की बटण.

सून : नाव तरी लक्षात आहे ना माझं?

आई : लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ मीच तपासलं होतं. छापणाऱ्यानं चुकवलेलं मी सुधारून घेतलं.

सून : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आई : सांगायला तोच एक मध्ये. आणि त्याला काय कळतं, ते भिंतीवर दिसतंय.

सून : आई, वेळ झाली. ते बोलावताहेत. काही हवं असेल तर आत्ताच सांगा.

आई : पाणी हवं होतं. घेईन माझं मी. टीव्हीही बंद करते.

सून : बरं.

आई : आणि हे बघ, तिथं चाचरत बसू नकोस. माझ्यापुढे कधी घाबरली नाहीस, ते कोण लागून गेलेत?