भिंतीशी थांबायचं

कप्तान : टोपी घ्या सर. धुऊन आणलीय.

सर : अगं, चषक येऊन आठवडा नाही झाला आणि कप्तानच टीम सोडतेय? डोकं फिरलंय का?

कप्तान : रिलेत शेवटी मी उतरले ना, तेव्हाच फिरलं होतं. ती फेरी बारक्याची.

सर : बारक्या म्हणजे अख्ख्या टीममधला सगळ्यात हळू.

कप्तान : म्हणूनच त्याची! आपल्याकडे शेवटी सगळ्यात हळू पोहणारा उतरतो. तुम्हीच सांगायचात, गुरुजींनी टीम काढली तेव्हापासूनचं आहे म्हणून.

सर : गुरुजींचं काय जायचं? हळू पोरासाठी बाकीची तलावाच्या भिंतीशी थांबली की त्यांच्या लेखी टीम झाली. दरवर्षी हरून घरी मीच यायचो. एकदा तरी चषक हवा होता गं मला.

कप्तान : मलाही. खोटं कशाला बोलू? तुम्ही उतर म्हणालात आणि मी टुणकन उडी मारली.

सर : मग आता काय बिघडलं?

कप्तान : भिंतीला हात लावून वर बघितलं, तर समोर कुणी नाही. सगळे वेळ बघायला बोर्डाकडे पळालेले. बारक्या यायचा तेव्हा आपण काठावर पालथे पडून हात पुढे करायचो. ओरडून ओरडून घसा बसायचा.

सर : ...मीही बोर्डापाशीच होतो.

कप्तान : माहितीये. वर चढले तर मागून कुणीतरी टॉवेल दिला. बघते तर बारक्या. ‘मस्त गेलीस ताई,’ म्हणाला. तेव्हापासून आलेला नाही.

सर : मला वाटलं, तापबिप असेल.

कप्तान : ताप कसला! काल घरी गेले त्याच्या. आईने चहा दिला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोहायचा चष्मा त्याने धाकट्याला देऊन टाकलाय. ते कार्टं तो लावून बादलीत तोंड घालून बसलं होतं.

सर : त्याला सांग, पुढच्या वर्षी शेवटी तूच. सर म्हणालेत म्हणून सांग.

कप्तान : तुम्हाला न विचारताच सांगून आले. तर म्हणतो, ‘नको. आत्ता कुठे जिंकायला लागलात.’

(सर टोपी उलटसुलट करत राहतात.)

सर : उद्या नुसता ये म्हणावं. मी भिंतीशी थांबतो.

कप्तान : येणार आहे. बघायला. पोहायचे कपडे आणणार नाही म्हणाला.